साळसूद

दुसऱ्या फेरीतही साळसूद बिघडलेलाच निघाला.

तंत्रज्ञ बाईंनी चष्मा डोक्यावर सरकवून डोळे चोळले. आतड्याच्या पेशींना वाढताना ‘आता पुरे’ म्हणणारं एक जनुक असतं. तेच बिघडलं की पेशी कुणाचं ऐकत नाहीत. आधी मोड येतो, मग गाठ होते, मग बाकीची जनुकंही एकेक करून हातची जातात आणि कर्करोग होतो. हे जनुक तपासताना प्रत्येक फेरीत एक निरोगी नमुनाही घालायचा, म्हणजे यंत्र खरं बोलतंय की नाही ते कळतं. बाहेरून कुपीत येणाऱ्या त्या नमुन्याला विभागात सगळे साळसूद म्हणत.

आज साळसुदात दोष, आणि बाहेर बाकावर बसलेल्या शिवणकामवालीचं रक्त मात्र स्वच्छ.

“नळ्यांची अदलाबदल झाली,” डॉक्टर म्हणाले. “दोष तिचाच. वडील आणि भाऊ, दोघंही आतड्याच्या कर्करोगानं गेलेत. सांगून टाका.”

“तिचं रक्त परत घेते. एकदा लावून बघू.”

“घरी जायचं नाही का?”

“घरी कोण वाट बघतंय? भांडी.”

शिवणकामवालीनं हात पुढे केला. “काय असेल ते सांगा हो. लेकीचे केस विंचरतानासुद्धा तेच डोक्यात असतं.”

“माझेही वडील पोटानंच गेले, चाळिशीत. अल्सर म्हणाले तेव्हा,” बाई म्हणाल्या. “म्हणून मी काय रोज मरते?” सुई टोचताना त्यांच्याच कोपरात चिकटवलेला कापूस ओढला गेला. कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी आजच सकाळी झाली होती.

संध्याकाळी तिसरी फेरी आली. शिवणकामवाली स्वच्छ. साळसुदात तोच दोष.

बाई शेजारच्या टेबलाकडे वळल्या. फेरीसाठी साळसूद भरून देणाऱ्या तिथल्या जोडीदारणीला सगळे रेडिओ म्हणत. आज सकाळपासून तो बंद होता.

“साळसुदाची कुपी दाखव गं.”

“फुटली.” रेडिओनं मान खाली घातली. “सकाळीच, हातातून सटकली. डॉक्टर खाऊ की गिळू करतील म्हणून बोलले नाही.”

बाई दिवसभरात पहिल्यांदा हसल्या. म्हणजे अदलाबदल नव्हतीच! बाहेरची खरंच सुटली होती. ‘निर्दोष’ लिहायला त्यांनी पेन उचललं.

“आणि मग तीन फेऱ्या कुणाचं रक्त घालत होतीस, बये?”

“तुझंच. सकाळच्या नळीत उरलं होतं. तुझ्याइतकं ठणठणीत इथं आहे कोण?”