ओळखीची चाल

लढाई संपून सैनिक घरी गेले, पण पुलावर पहारा देणारं यंत्र कोणी नेलं नाही. गावातल्या प्रत्येकाला ते चालीवरून ओळखायचं आणि अनोळखी चाल दिसली की गोळी झाडायचं. आजारातून उठून काठी टेकत आलेला धर्मा सुतार असाच गेला होता.

त्या दुपारी पलीकडे सरपणाला गेलेल्या कोंडाबाईंचा पाय मुरगळला. त्या लंगडत पुलावर आल्या, तशी यंत्राची नळी सावकाश त्यांच्याकडे वळली.

"आई, लंगडू नकोस!" अलीकडून सुलोचना ओरडली. "रोजच्यासारखी चाल!"

"पाय टेकवत नाही गं. मोळी तरी टाकू का?"

"नको! रोज मोळी घेऊनच येतेस ना? माझ्याकडे बघ आणि चाल."

कोंडाबाईंनी ओठ दाताखाली दाबला आणि दुखऱ्या पायावर भार देत एकेक पाऊल टाकलं. नळी त्यांच्याबरोबर फिरत राहिली. पूल संपता संपता ती खाली झुकली.

सुलोचनाला धावत जाऊन आईला मिठी मारावीशी वाटली. पण यंत्राने तिला कधी धावताना पाहिलं नव्हतं. ती रोजच्याच चालीने आईकडे निघाली.