चौथ्या दाराचं रबर

उपेंद्र बापटांनी जुन्या फियाटच्या चौथ्या दाराला नवं रबर बसवलं आणि नलिनीताईंना हाक मारली. दोघं आत बसली, काचा घट्ट वर केल्या.

घरात कुणाचा आवाज चढला, की भिंतीतल्या स्पीकरमधून स्मार्ट घरच मध्ये बोलायचं, "दीर्घ श्वास घ्या. विषय बदलूया." ही यंत्रणा बसवल्यापासून सात वर्षांत त्यांचं एकही भांडण पूर्ण झालं नव्हतं.

"घराला ऐकू जाणार नाही ना?"

"नाही. बोल."

"सासूबाईंचं आजारपण मी एकटीनं काढलं!" त्या ओरडल्या. "एकदा तरी विचारलंत, दमलीस का?"

घर गप्प होतं.

"नाही विचारलं," उपेंद्र म्हणाले. "चुकलं माझं."

नलिनीताई पोटभर रडल्या, मग डोळे पुसत हसल्या.

"इंजिन कधी दुरुस्त करताय?"

"कशाला? जायचंय कुठे?"