वडाचं सूत

“गवत चिमटीभर घ्यायचं, तिरकं खोचायचं, आणि मुळं धरेपर्यंत पेटीत पाणी भरायचं नाही,” असं त्र्यंबकराव सांगायचे. चंद्रावरच्या वसाहतीत माणशी एक काचपेटी असे. तिच्या तळाशी पसरलेल्या पाणगवताच्या हिरव्या गालिच्यावर त्या माणसाचा श्वास चाले. त्र्यंबकरावांना जाऊन चार महिने झाले, तरी मंदाकिनीबाईंनी त्यांची पेटी परत केली नव्हती. देवपूजा झाली की त्या तिच्यापुढेही हात जोडत.

शेजारची रेवा दारात आली. तिला नववा लागला होता.

“काकू, बाळाच्या पेटीतलं गवत सगळं वर तरंगलं. उद्या तपासनीस येणार. पेटी रिकामी दिसली तर मला पृथ्वीवर धाडतील, आणि तो प्रवास बाळाला झेपणार नाही.”

“पाणी आधीच भरलंस ना?”

“मासे सोडायचे होते.”

“बाळाआधी माशांचं बारसं!”

रेवा रडता रडता हसली. “काका म्हणाले होते, कमी पडलं तर माझं घ्या.”

“माझ्यासमोरच म्हणाले होते. तू घरी जा, पेटी धुऊन ठेव.”

रेवा गेल्यावर बाई बराच वेळ पेटीपुढे बसून राहिल्या. मग त्यांनी देवघरातलं सुताचं रीळ काढलं. इथे वड नव्हता, म्हणून वटपौर्णिमेला बायका नवऱ्याच्या पेटीतल्या दगडाला सूत गुंडाळत. यंदा त्यांचं रीळ तसंच राहिलं होतं. त्यांनी पेटीतला गालिचा अलगद सोडवून एका जाळीवर पसरला, आणि तोही तरंगू नये म्हणून सुताचे सात फेरे घालून बांधला.

जाळी ताटात ठेवून, ते ओलं ताट दोन्ही हातांत धरून त्या रेवाच्या घराकडे निघाल्या.