बाबांची पोहायची चड्डी

बाबा गेल्यावर त्यांच्या दोन खोल्यांतल्या सामानाची वाटणी करताना आम्हा तिघा भावंडांत आईच्या कपाटावरून जुंपली होती. तेवढ्यात दारामागच्या पिशवीतून धाकटीनं पोहायची चड्डी काढली. पाण्याच्या धास्तीनं बाबांनी आम्हाला कधी तळ्याकाठी फिरकूही दिलं नव्हतं. "ही बाबांची? शक्यच नाही," दादा म्हणाला. पिशवीवर जवळच्या तरणतलावाचं नाव होतं. भांडण तिथंच टाकून तिकडे गेलो. बाबांचा फोटो पाहताच शिकवणाऱ्या बाई हसल्या. "हे काका? सुरुवातीला नुसते काठावर बसून थरथरायचे. पहिल्यांदा तरंगले, तेव्हा पोरासारखे ओरडले!" "आम्हाला सांगितलं का नाही त्यांनी?" मी विचारलं. "म्हणाले, आधी नीट शिकतो, मग पोरांना मीच शिकवतो." दादानं पाण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, आम्हा तिघांना आता तुम्ही शिकवाल?"