कोल्टनची जागा

"लॉरेन, तुम्ही जुन्या खेळाडू. माझ्यावाचून अडणारे का तुमचं?" असं म्हणत कोल्टनने खांदे उडवले आणि तो जेवायला निघून गेला.

लॉरेन पिकेट सेटवरच्या टेबलापाशी उभीच राहिली. टीव्हीवरच्या या लाडोबासाठी तिने आत्ताच अकरा वेळा आपले संवाद म्हटले होते. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर, आणि ही कॅमेऱ्याच्या शेजारी. स्वतः दिसणार नसतानाही ती अकराही वेळा खरी रडली. समोरच्याला खरं वाटावं म्हणून एवढं करायचं असतं, ही धंद्यातली साधी माणुसकी. आता कॅमेरा तिच्याकडे वळला, तर साहेबांना हिरव्या मिरचीच्या बरिटोची आठवण झाली!

सव्वीस वर्षं ती अल्बुकर्कीत कमी पैशांतले चित्रपट करत आली होती. टीव्हीवर मिळालं काय, तर नर्स, शेजारीण आणि दोनदा मढं. नऊ वर्षांनी घरी आलेल्या मुलाला, म्हणजे कोल्टनला, फैलावर घेणारी ही आई, हा तिचा पहिला मोठा प्रसंग. तो फसला की पुन्हा शेजारीणच.

"त्याला परत बोलवा," ती म्हणाली.

मिरियमने, दिग्दर्शिकेने, नजर चुकवली. "त्याच्या नावावर चित्रपट उभा आहे गं. घे ना सांभाळून."

"मीच किती जणांना सांभाळू?"

कोल्टनच्या जागी एका दांड्यावर लाल चिकटपट्टी लावली. लॉरेनने त्या पट्टीकडे बघून बोलायचं. सहायक मुलगी त्याचे संवाद किराण्याची यादी वाचावी तसे वाचू लागली. लॉरेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांब पोरी, वाचू नकोस. ती पट्टी काढा आधी! तिथे खुर्ची ठेवा. रिकामी."

आणि ती त्या खुर्चीवर तुटून पडली. मुलाचं उत्तर यायचं तिथे थांबायची, वाट बघायची, पुन्हा सुनवायची. सव्वीस वर्षांचा संताप बाहेर पडत होता. मिरियम 'कट' म्हणायचं विसरली.

वर्षभराने सांता फे शहरात चित्रपटाचा पहिला खेळ झाला. तो प्रसंग आला. आई एकटीच बोलत होती. समोर रिकामी खुर्ची. चित्रपटात मुलगा घरी आलेलाच नव्हता.

पुढच्या रांगेतला कोल्टन लालबुंद होऊन मागे वळला.

"माझे अकरा टेक गेले कुठे? या प्रसंगात मी कुठे आहे?"

लॉरेनने पडद्यावरची नजर हलवली नाही.

"तू होतासच कुठे, बाळा?"