भरवशाचा टायमर

घरातल्या टोमॅटोच्या रोपांवरचा दिवा वेळेवर बंद होईना. दोन टायमर अडकले, रोपं पिवळी पडली. शेवटी दुकानदाराने आतून तिसरा काढून दिला. "हा चुकायचा नाही. फक्त आसपास रोपंच ठेवा."

आमची आत्या रोपांशेजारीच बसते आणि अखंड बोलते. संध्याकाळी टक् वाजलं, दिवा गेला आणि आत्या "तुझा बाप लहानपणी" एवढ्यावरच थांबली. डोळे टक्क उघडे. सकाळी पुन्हा टक् झालं, दिवा लागला आणि ती म्हणाली, "भारी हट्टी होता हो!"

माझी पाचावर धारण बसली. बायको मात्र खूश. रात्री उशीला अभ्रा घालत म्हणाली, "भरवशाचा निघाला बाई. अजून एक आणून तुझ्या उशाशी लावलाय."

"अगं, पण इथे कुठे रोपं आहेत? इथे तर फक्त मी…"

टक्.