नऊ शिट्ट्या
श्वास घेताना दादाचं नाक शिट्टी वाजवायचं, म्हणून घरात आम्ही त्याला कुकर म्हणायचो आणि तोही हसायचा. तो क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात वाफाळत्या टाकीवर काम करतो. त्याच कारखान्याच्या दवाखान्यात मी कोडिंगला आहे. डॉक्टर कागदावर आजार लिहितात, मी त्याचा ठरलेला कोड कॉम्प्युटरवर चढवते. त्यांनी लिहिलेलं बदलायचं नाही, हा नियम. टाकीवरच्या प्रत्येकाच्या कागदावर सहा वर्षं एकच आजार होता, ॲलर्जीची सर्दी. दादाचाही कोड मीच चढवला होता. आज राहिलेले कागद न्यायला मी पहिल्यांदाच तपासणीच्या वेळी बाहेरच्या बाकापाशी गेले. दादा धरून टाकीवरचे नऊ जण गप्प बसले होते आणि नऊही नाकं शिट्टी वाजवत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दादाच्या दंडाला धरून मी त्याला आत नेलं आणि डॉक्टरांच्याच टेबलावरचा टॉर्च त्याच्या उजव्या नाकपुडीत धरला. उजेड डाव्या नाकपुडीतून आरपार बाहेर आला. मी विचारलं, "नाकाचा मधला पडदा कुठे गेला, डॉक्टर?" "हे बघा, तुमचं काम कोड घालायचं." "घालते ना. आधी तुम्ही लिहा, पडद्याला भोक, कारण टाकीची वाफ." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "आणि नाही लिहिलं तर?" मी दार सताड उघडलं. बाहेर आठ नाकं वाजत होती. "मग ऐकत बसा."